सुंभ, पीळ आणि प्राचल

म्हणी शिकवताना शिक्षकांना एक सवय लागून जाते. म्हण फळ्यावर लिहायची, अर्थ सांगायचा आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आम्ही दोघांनीही आपापल्या वर्गांत अनेक वर्षे अशीच शिकवली. वैभव गेले तरी ताठा जात नाही, एवढे सांगितले की काम भागत असे. गेल्या वर्षी मात्र एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सुंभ म्हणजे काय?" वर्ग रत्नागिरीतला, खिडकीबाहेर माड दिसत होते, आणि भरलेल्या वर्गात सुंभ वळताना पाहिलेली एकच मुलगी निघाली. तिची आजी काथ्या वळत असे. तिने अर्थ सांगितला आणि वर स्वतःचा एक प्रश्नही विचारला : दोरीच जळाली, तर पीळ उरतो कशात? त्या दिवशी आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्याच सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी आम्हाला त्यांच्या संगणकावर एक काम दाखवले. नळाच्या तोटीवर बसवायची मूठ होती. तिच्या अंगावर पिळासारख्या उभट खाचा. पडद्याच्या कडेला एक छोटा तक्ता होता : उंची, व्यास, खाचांची संख्या, खाचेची खोली, तळापासून माथ्यापर्यंत पडणारे वळसे. त्यांनी वळशांचा आकडा बदलला आणि सगळी मूठ पिळली गेली. आणखी बदलला, पीळ आवळला. उणे चिन्ह दिले, पीळ उलट्या बाजूला फिरला. मूठ पितळेची की प्लास्टिकची, हे अजून ठरायचे होते. आम्हाला वर्गातला प्रश्न आठवला. येथे सुंभ नव्हताच. नुसता पीळ होता.

हा पीळ सुंभापासून सुटा कधी झाला, कोणी केला, आणि त्या सुटण्यात आपण काय मिळवले व काय गमावले, याचा शोध घेण्याचा हा एक प्रयत्न आहे. विषय यंत्रशास्त्राचा वाटला तरी तो आपल्याही अंगणातला आहे, हे पुढे दिसेल अशी आशा आहे.

१

आधी सुंभाकडे पाहू. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, ती पुरेशी मऊ झाली की बडवून धागे मोकळे करतात. हा काथ्या. काथ्याचे पुंजके दोन तळव्यांमध्ये घासून एका दिशेने वळले की एक पदर तयार होतो. तो हातातून सोडला तर लगेच उलगडू पाहतो. मग असे दोन पदर एकमेकांभोवती विरुद्ध दिशेने वळतात. आता प्रत्येक पदराला आपला पीळ सोडायचा असतो, पण त्याने तो सोडू पाहिला की दोरीचा पीळ अधिक घट्ट होतो. म्हणजे दोरी टिकते ती दोन विरुद्ध पिळांच्या ओढाताणीमुळे. म्हणीतला हट्टी पीळ असा मुळातच हट्टी आहे.

या आकारांसाठी मराठीत शब्दांची उणीव नव्हती. दोरी सपाट गुंडाळून ठेवली तर ते वेटोळे. खांबाभोवती वर चढत गेली तर वळसे. दोरीच्या अंगात असतो तो पीळ. स्क्रूवर असतात ते आटे, आणि ते कापण्याला 'आटे पाडणे' म्हणतात. खुद्द स्क्रूला जुना शब्द मळसूत्र; मोल्सवर्थच्या कोशात तो याच अर्थाने नोंदलेला आहे, आणि गोल फिरत चढणाऱ्या जिन्याला आपण अजूनही मळसूत्री जिना म्हणतो. सपाट वेटोळे आणि उभा पीळ या भूमितीच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. इंग्रजी बोलीत दोहोंना सर्रास 'स्पायरल' म्हणतात. मराठी व्यवहाराने त्यांची नावे पूर्वीच वेगळी ठेवली होती. पुढे परिभाषाकोशांतून 'सर्पिल' हा शब्द आला. तो नेटका आहे, पण तो वर्गातून आला. पीळ आणि आटे हातातून आले होते.

दिशेची नोंदही परंपरेने घेतलेली आहे. पूजेतला शंख, शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, जवळजवळ नेहमी एकाच बाजूला वळलेला असतो. त्याला आपण वामावर्ती म्हणतो आणि क्वचित सापडणाऱ्या उलट्या शंखाला दक्षिणावर्ती. प्राणिशास्त्रज्ञ मात्र नेमके उलट बोलतात : नेहमीचा शंख त्यांच्या लेखी उजवा आणि दुर्मीळ तो डावा. कोणीही चुकलेले नाही. ते शंखाचे टोक वर धरून पाहतात, आपली धरण्याची रीत वेगळी. पीळ तोच राहतो. त्याचे नाव आपण कोठे उभे आहोत यावर ठरते.

२

पीळ सुटा करण्याची पहिली मोठी पायरी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. आर्किमिडीजने सर्पिलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याची व्याख्या आकाराची नव्हती, गतीची होती : एक रेषा एका टोकाभोवती समान वेगाने फिरते आहे आणि त्याच वेळी एक बिंदू त्या रेषेवरून समान वेगाने बाहेर सरकतो आहे, त्या बिंदूचा माग म्हणजे सर्पिल. यात लगतच्या दोन फेऱ्यांमधले अंतर सारखेच राहते. सोऱ्यातून चकली पाडणारा हात हेच करत असतो. दोन गती सांगितल्या की आकार आपोआप ठरतो. ही कल्पना त्या मुठीच्या तक्त्यातही जशीच्या तशी आहे.

शंखाचे वेटोळे चकलीसारखे नसते. त्यातले अंतर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पटीने वाढत जाते. या वक्राची चर्चा सतराव्या शतकात देकार्तने केली, आणि बाझेलचा गणिती याकोब बर्नुली (१६५५–१७०५) त्याच्यावर इतका लुब्ध झाला की त्याने त्याला 'अद्भुत सर्पिल' म्हटले. तो वक्र लहान करा, मोठा करा, फिरवा, पुन्हा तोच मिळतो. बर्नुलीची इच्छा होती की आपल्या समाधीवर तो कोरला जावा आणि त्यासोबत, बदलूनही मी तोच होऊन उठतो, अशा आशयाचे लॅटिन वचन असावे. वचन कोरले गेले. सर्पिल मात्र पाथरवटाने चुकीचे कोरले. सारख्या अंतराचे, आर्किमिडीजचे, म्हणजे आपल्या चकलीचे. बाझेलच्या चर्चमध्ये ते आजही तसेच आहे. ही हकिगत बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. आम्हाला त्यात एक दरी दिसते. गणिती नियम जाणत होता, पाथरवट छिन्नी जाणत होता, आणि दोघांमध्ये भाषा नव्हती.

शंखांची भूमिती पुढे १८३८ मध्ये हेन्री मोझली या इंग्रज धर्मोपदेशक-गणितज्ञाने मांडली, आणि १९१७ मध्ये डार्सी टॉम्सन यांच्या वाढ आणि आकार यांवरील ग्रंथाने ती वाङ्मयाच्या वाचकांपर्यंत पोहोचवली. टॉम्सन प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते, तसेच ग्रीकचे पंडित; अॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले होते. शंखाविषयीचे त्यांचे निरीक्षण साधे व खोल आहे. आपले शरीर वाढते तेव्हा सगळीकडून बदलते. शंख मात्र फक्त तोंडाशी वाढतो. आधी तयार झालेला भाग तसाच राहतो. म्हणून शंखाच्या टोकाशी त्याचे बालपण असते आणि मुखाशी वर्तमान. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या संग्रहालयात मांडलेले शंख याच दृष्टीने पाहावेत. ते आकार आहेत आणि आपापली चरित्रेही आहेत.

अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी १९६० च्या दशकात हे चरित्र चार आकड्यांत बसवले. शंखाच्या मुखाचा आकार, त्याचे अक्षापासूनचे अंतर, एका फेऱ्यात ते किती पटीने मोठे होते आणि एका फेऱ्यात अक्षाच्या दिशेने किती सरकते, एवढे सांगितले की संगणक शंख काढून दाखवी. पट खूप वाढवली की शंखाचा शिंपला होतो. बाजारातून आणलेल्या तिसऱ्याही याच तक्त्यात बसतात. राउप यांनी या आकड्यांचा जणू एक नकाशा केला, आणि त्यात दिसले की बरीचशी जागा रिकामी आहे. नियमाला शक्य असलेले कितीतरी शंख निसर्गाने कधी घडवलेच नाहीत.

अशा आकड्याला मराठी परिभाषेत 'प्राचल' म्हणतात. शब्द अनोळखी वाटला तरी कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्यांना परकी नाही. भुजंगप्रयात घ्या. ओळीत चार 'य' गण, एवढा नियम. त्यात भक्ती घाला, उपदेश घाला, विडंबन घाला; चाल तीच, सापाची. गण कोणता आणि किती वेळा, ही त्या वृत्ताची प्राचले. शब्द हा काथ्या, वृत्त हा पीळ. रिकाम्या जागाही येथे आहेत : प्रस्तार मांडून लघुगुरूंची जी असंख्य वृत्ते मिळतात, त्यांतली फार थोडी कवींनी प्रत्यक्ष वापरली.

३

समाधीच्या दगडावर चुकलेले सर्पिल चालते. यंत्रात चालत नाही. मळसूत्राचे आटे एकसारखे नसतील तर ते नटात फिरणारच नाही. हाताने आटे पाडण्याची ही अडचण १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यांच्या लेथने दूर केली. त्यात एक अचूक मळसूत्र हत्याराला पुढे सरकवते आणि त्याच वेळी धातूचा गज फिरत राहतो. पुन्हा आर्किमिडीजच्याच दोन गती, आता लोखंडात. दोहोंमधली दातेरी चाके बदलली की आट्यांमधले अंतर बदलते. तो तक्ता संगणकात येण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी चाकांच्या दात्यांत मोजला जात होता. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांची मापे प्रमाणित करण्याची योजना मांडली आणि एका कारखान्याचे मळसूत्र दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसण्याचा मार्ग खुला झाला.

महाराष्ट्रात हे ज्ञान कसे रुजले याची एक कथा मराठीच्या अभ्यासकांनी तरी विसरू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंग ओळखण्यात दोष असल्याने ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान, कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी. त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली, जिचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तिची भावंडे. आपण या मासिकांचा वाङ्मयीन इतिहास शिकवतो, पण ओतशाळा आणि छापखाना एकाच आवारात होते, एवढ्यावर थांबतो. एकाच वाडीने नांगराला आकार दिला आणि लघुकथेलाही.

या कारखान्यात पुढे पाण्याचे पंप होऊ लागले, आणि पंपाचे कवच हा सर्पिल भागाचा उत्तम नमुना आहे. फिरत्या चाकातून पाणी सगळ्या बाजूंनी बाहेर फेकले जाते. ते गोळा करणारी वाट पुढे पुढे रुंद होत गेली नाही तर पाणी तुंबेल. म्हणून कवच शंखासारखे वाढत जाते. असे कवच ओतण्यासाठी आधी लाकडाचा नमुना करावा लागे. आरेखनात ठरावीक अंशांवरचे छेद दाखवलेले असत. दोन छेदांमधला भाग सलग, गुळगुळीत करायचे काम नमुना करणाऱ्या सुताराचे. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवायचा, हेही त्यालाच सांभाळायचे असे. छेद कागदावर होते. त्यांच्यामधला पीळ त्याच्या हातात होता.

हाच आकार उलट्या दिशेने वापरलेला पाहायचा तर रत्नागिरी जिल्ह्यातच चिपळूण तालुक्यात जावे. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहांतून उतरल्यावर कोळकेवाडीच्या धरणात अडवले जाते आणि तेथून अलोऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. पोफळीला पाण्याचे झोत चाकावरच्या वाट्यांवर आदळतात. अलोऱ्याला उंची कमी असल्याने दुसऱ्या जातीची, फ्रान्सिस पद्धतीची यंत्रे आहेत, प्रत्येकी ८० मेगावॅटची चार. त्यांत पाणी चाकाभोवतीच्या सर्पिल कवचात शिरते आणि फिरता फिरता आतल्या चाकाला थोडे थोडे दिले जाते. जेवढे दिले तेवढी वाट अरुंद होते, म्हणून शेवटच्या पात्याला पोहोचणारे पाणीही पहिल्याच वेगाने येते. पंपात गोळा करण्यासाठी वाढणारे सर्पिल, येथे वाटून देण्यासाठी आटणारे. समुद्रावरचा शंख, शेतातला पंप आणि डोंगराच्या पायथ्याचे वीजगृह यांचा पीळ एक आहे, सुंभ तीन.

४

आता पुन्हा त्या पडद्याकडे. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाच्या आज्ञावलीत रेषांना अटी घालता येतात हे दाखवले : या दोन रेषा समांतर राहतील, या दोन सारख्या लांबीच्या राहतील. १९८५ मध्ये सॅम्युएल गाइसबर्ग यांनी स्थापन केलेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस 'प्रो-इंजिनिअर' हे साधन बाजारात आणले. त्यातली वस्तू म्हणजे केवळ अंतिम आकार नव्हता. आधी वर्तुळ काढले, मग ते उंच केले, मग पिळाची रेषा काढली, त्या रेषेवरून खाचेचा छेद ओढत नेला, मग ती खाच सभोवार बारा वेळा उमटवली, अशा सगळ्या पायऱ्या क्रमाने साठवलेल्या असतात. अशा पद्धतीला त्या क्षेत्रात इतिहासाधारित रचना म्हणतात. कोणतीही जुनी पायरी बदलली की साधन तेथून पुढचा इतिहास नव्याने घडवते.

आमच्या स्नेह्यांनी आम्हाला हेही करून दाखवले. त्यांनी मुठीचा मूळ व्यास एकदम निम्मा केला, आणि पडद्यावर तांबड्या सूचना उमटल्या. खाचा ज्या पृष्ठभागाला धरून होत्या तो इतका आक्रसला की त्यांना जागाच उरली नव्हती. नवे साधन वापरणारे विद्यार्थी येथे अडतात, असे ते म्हणाले. पुढचे काम कशाच्या आधारावर उभे आहे, याचा विचार त्यांनी आधी केलेला नसतो. इतिहास शिकवणाऱ्यांचीही तक्रार फारशी वेगळी नाही.

आम्हाला मात्र पाठचिकित्सा आठवली. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली. तिच्या प्रत्येक पानावर वर स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली नाकारलेले पाठभेद. ही दोन्ही साधने इतिहास राखतात, पण सारख्या रीतीने नाही. संगणकातल्या रचनेत यशस्वी पायऱ्यांची माळ राहते. पुसून टाकलेली खाच, फसलेला पीळ, तीन दिवस चाललेली चाचपडणी त्या माळेत नसते. चिकित्सक आवृत्ती मात्र चुकलेल्या लेखनिकालाही तळटीपेत जागा देते. बर्नुलीच्या पाथरवटाचे सर्पिल आज्ञावलीने दुरुस्त करून पुसले असते. पाठचिकित्सेने ते पाठभेद म्हणून जपले असते.

५

आमची खंत येथे आहे. पीळ सुटा झाल्याने लाभ मोठा झाला, यात शंका नाही. रत्नागिरीतला एक विद्यार्थी आज एका संध्याकाळी जे करून पाहतो, त्यासाठी पूर्वी लाकूड, कुशल हात आणि आठवडे लागत. पण दोन छेदांमधला पीळ ज्यांच्या हातात होता, त्यांचा इतिहास कोणत्याही तक्त्यात उतरलेला नाही. काथ्या वळणाऱ्या आजीचा तर नाहीच.

त्यांच्याबरोबर शब्दही चालले आहेत. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही लेथवर काम करणाऱ्या एका वयस्क कारागिरांना भेटलो. ते 'आटे पाडतो' म्हणाले; शेजारचा तरुण 'थ्रेडिंग करतो' म्हणाला. मळसूत्र हा शब्द वयस्क गृहस्थांनी वडिलांच्या तोंडून ऐकला होता. तरुणाला तो देवनागरीत लिहून दाखवला, तर त्याला मंगळसूत्र वाटले. यात त्याचा दोष नाही. त्याला तो शब्द देणे आमचे काम होते, आणि आम्ही त्या काळात म्हणींचे अर्थ सांगून पुढे जात होतो.

मराठीत हे काम पूर्वी झालेले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा बलुतेदारांचे व्यवहार त्यांच्या शब्दांसकट नोंदले गेले. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२–३८) प्रांतोप्रांतीचे व धंद्यांचे शब्द घेतले. त्यानंतरचे नमुनेकार, लेथवाले, ओतारी, पंप दुरुस्त करणारे यांचे शब्द आजही बरेचसे तोंडी आहेत. पदव्युत्तर वर्गाचा एखादा प्रकल्प या कामासाठी देता येण्यासारखा आहे : एक कारागीर, एक वस्तू, तिचे सगळे शब्द, आणि ती करताना होणाऱ्या चुकाही. आम्ही या वर्षी सुंभापासून सुरुवात केली आहे. काथ्या वळणाऱ्या आजींनी पहिल्याच बैठकीत आम्हाला दोनदा दुरुस्त केले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी तिनेच मिळवले. ती सुंभाचा वीतभर तुकडा घेऊन आली. मैदानाच्या कडेला, वारा नसताना, तो एका पत्र्यावर ठेवून पेटवला. तो हळूहळू धुमसत गेला आणि मागे राखेची काळीकरडी दोरी उरली. पीळ स्पष्ट दिसत होता, दोन्ही पदरांचा. वर्ग गप्प होऊन पाहत राहिला. मग कोणीतरी उत्सुकतेने बोट लावले आणि ती दोरी मोडून पडली. म्हण खरी होती, पण तेवढ्यापुरती. पुन्हा पीळ हवा असेल तर नवा काथ्या लागणार होता, आणि तो वळता येणारे कोणीतरी.